अर्धशिशी असताना परिषदेत स्वयंसेवक व्हायचं असेल तर

मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, जनजागृती परिषदेत स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं म्हटलं की आधी घरचेच अडवतात. "तुहंच डोकं उठते, तू दुसऱ्याचं काय पाहशील?" असं माझ्या आईनंही विचारलं होतं. तरी मी सांगेन, नाव द्या. ज्याला हा आजार आहे, त्याला सभागृहात शिरल्याबरोबर जे खुपतं ते इतरांच्या लक्षातही येत नाही, आणि तिथं येणाऱ्या बायांना नेमकं तेच खुपणार असतं. फक्त कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं नाही, हे घरूनच ठरवून निघा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. मला क्रॉनिक मायग्रेन आहे. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान 8 दिवस मायग्रेनचे असतात, आणि असं 3 महिन्यांहून जास्त काळ चालतं, तेव्हा डॉक्टर हे नाव देतात. अमेरिकेत जून हा मायग्रेन जनजागृतीचा महिना मानतात. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला ऊन अजून भाजत असतं आणि मृगाचा पाऊस पडला की अख्खं गाव पेरणीला लागतं. त्यामुळे आमची परिषद तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात, संक्रांतीनंतर झाली. हळदीकुंकवाचे दिवस, बाया घराबाहेर निघतात, ऊनही सोसवतं. तुमच्याकडे कुणी तारीख ठरवत असेल तर हे जरूर सुचवा.

पहिला फोन समन्वयकाला करा आणि आजार लपवू नका. "मला मायग्रेन आहे, दुखणं कधीही सुरू होऊ शकतं, त्यामुळे माझ्या जोडीला आणखी एक जण हवा" एवढं पुरे. यावर काही जण म्हणतात, "मग तुम्ही नुसतं बसा ताई, आराम करा." ते मान्य करू नका. नोंदणीचं टेबल मागा, डोकं उठलेल्यांना पडायला केलेल्या अंधाऱ्या खोलीची जबाबदारी मागा, नाहीतर परिषदेनंतर बायांना फोन करायचं काम मागा. भटारखान्यातली फोडणी, उन्हातलं पार्किंग आणि साउंड बॉक्सजवळची जागा मात्र सरळ नाकारा.

आदल्या दिवशी सभागृह पाहायला जाच. आमच्या हॉलमध्ये डेकोरेशनवाल्यानं स्टेजवरचे मोठे फोकस थेट लोकांच्या तोंडावर सोडले होते. दाराशी अगरबत्तीचा पुडा, गुलाबपाणी आणि अत्तराची बाटली तयार होती, आणि जनरेटर खिडकीखालीच, म्हणजे डिझेलचा सगळा वास आत. यातलं काहीही कुणी वाईट हेतूनं केलेलं नव्हतं, स्वागत असंच करायचं असतं म्हणून केलं होतं. आम्ही फोकस छताकडे वळवून घेतले, अत्तर बाजूला ठेवायला लावलं आणि जनरेटर मागच्या भिंतीपलीकडे नेला. व्हिडिओ शूटिंगवाल्या दादांना सांगितलं, "तुमच्या लाइटनं इथल्या निम्म्या लोकांचं डोकं उठेल." त्यांनी लगेच ऐकलं. कारण कळलं की लोक ऐकतात.

जेवणाच्या वेळेसाठी मात्र भांडावं लागलं तर भांडा. पाहुणे उशिरा येतात, दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबतात, आणि पहाटेची एसटी पकडून आलेली बाई दुपारपर्यंत उपाशी राहते. उपाशी राहणं हे मायग्रेन सुरू होण्याचं फार नेहमीचं कारण आहे. आम्ही नोंदणीपाशीच आलूपोहे आणि ताक ठेवलं, आणि सत्कार जेवणानंतर घेतले.

अंधाऱ्या खोलीसाठी मंगल कार्यालयातली वधूपक्षाची खोली मिळाली. खिडकीला आतून सतरंजी बांधली, गाद्या टाकल्या, उलटी होते म्हणून कोपऱ्यात बादली, शेजारी पाण्याचा माठ. खोलीत बाम लावायचा नाही, कारण एकीला बरा वाटणारा वास दुसरीला मळमळवतो. फोन बंद, गप्पा बंद, आणि सोबतच्या माणसानं बाहेर बसायचं. दिवसभर ती खोली रिकामी अशी राहिलीच नाही.

सगळ्यात मोलाचं काम नोंदणीच्या टेबलावर होतं, तेव्हा तिथं सवडीनं बसा. "किती दिवस डोकं दुखतं?" असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "रोजच ठणकते माय, काय सांगू." छापील प्रश्नावलीत कामाचे बुडालेले दिवस विचारतात, पण मजुरीला जाणारी बाई सहसा घरी राहतच नाही, दुखतं डोकं बांधून वावरात जाते. म्हणून मी विचारायची, "वेचणीले गेल्या, पण कापूस निम्माच झाला, असं किती वेळा झालं?" वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे हे उत्तर तिला पक्कं ठाऊक असतं. आशाताईंसोबत (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) आलेल्या एका काकूंनी उत्तर देता देता पदराची गाठ सोडून गोळ्यांचा पत्ता टेबलावर ठेवला. दहातल्या दोनच उरल्या होत्या. "किराण्यातून आणतो, चार दिवस पुरते," त्या म्हणाल्या.

इथं स्वयंसेवकाला नेमकी माहिती हवी. साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी किंवा ट्रिप्टान (मायग्रेनचं उठलेलं दुखणं थांबवायचं औषध) 10 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. पण काकूंना "बंद करा" असं आपण म्हणायचं नाही. त्यांना गोळ्यांच्या पत्त्यासकट डॉक्टरांकडे घेऊन जायचं. आपल्याला लागू पडलेल्या गोळीचं नाव तर कुणालाच सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. मायग्रेन रोखायला देतात ती प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला धोक्याची, आणि व्हॅल्प्रोएटनं पोटातल्या बाळाला इजा होते. समोरच्या बाईला दमा आहे की दिवस गेलेत, हे आपल्याला कुठं माहीत असतं?

त्यापेक्षा कॅलेंडर हातात द्या. घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितात. त्याच चौकटीत डोकं दुखलं त्या दिवशी गोल काढायचा आणि गोळी घेतली तर फुली मारायची. पाळी कधी आली, उपास कधी होता, हे त्या चौकटीत लिहिलेलं किंवा छापलेलं असतंच. डॉक्टरांना दोन-तीन महिन्यांची अशी पानं मिळाली की त्यांचं काम सोपं होतं.

काही जणांना मात्र टेबलावर थांबवून ठेवायचंच नाही. क्षणात सुरू झालेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, तापासोबत मान आखडणं, हातपाय लुळे पडणं किंवा बोबडी वळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणातलं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यातलं काही ऐकलं की लगेच डॉक्टरांना बोलवा. डॉक्टर जवळ नसतील तर 108 ला फोन.

आता तुमचं स्वतःचं. आदल्या रात्री पिशव्या भरत जागू नका, झोपेची वेळ मोडली की दुसरा दिवस हातचा जातो. जवळ पाणी, फुटाणे-गूळ आणि तुमची नेहमीची औषधं ठेवा. दुखणं उठलं तर काय करायचं आणि काय नाही, हे जोडीदाराला सकाळीच सांगा. डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील तर त्या थांबेपर्यंत गाडीला हात लावू नका. गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे आणि ती चुकली तर कोण सोडून देईल, हे आधी विचारून ठेवा. परिषदेनंतरचा दिवस मोकळा ठेवा, धावपळ संपल्यावरच बऱ्याच जणांचं डोकं उठतं. कॅलेंडर नेलेल्या बायांना फोन करायचं काम त्यानंतर आठवडाभरानं सुरू करा, शक्यतो संध्याकाळी, त्या वावरातून परतल्यावर.