राजाची सत्ता खरंच किती अनियंत्रित होती, हे कसं तपासावं

फ्रान्सचा राजा चौदावा लुई म्हटलं की व्हर्सायचे आरसे आणि दरबार डोळ्यांपुढे येतो. तो बाजूला ठेवून आधी खजिन्याकडे बघा: कर बसवायला राजाला कुणाला विचारावं लागत होतं? फ्रान्सची इस्टेट्स-जनरल, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची सभा, १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये भरली. म्हणजे राजाला मोकळं रान? तसं नाही. लांगदोक, ब्रिटनी अशा प्रांतांच्या सभा कराच्या रकमेवर घासाघीस करतच राहिल्या, म्हणून तपासणी प्रांतवार करा. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ पासून अकरा वर्षं पार्लमेंटशिवाय रेटली, पण स्कॉटलंडशी युद्ध जुंपताच पैशासाठी त्याला ती बोलवावीच लागली.

मग अधिकाऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: राजा याला काढू शकतो का? खरी मेख इथेच आहे. फ्रान्समध्ये सरकारी पदं विकली जात. १६०४ च्या 'पॉलेत' करानुसार पदाच्या ठरलेल्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की पद वतनासारखं वारसाकडे जाई. साठ हजार लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) किमतीच्या पदाला वर्षाला हजार लिव्र. असा माणूस हटवायचा तर त्याचे पैसे परत करायला हवेत, आणि खजिना तर रिकामा! म्हणून नेमणुकीवरचे, केव्हाही परत बोलावता येणारे राजाचे अधिकारी, म्हणजे इंटेंडंट, प्रांतोप्रांती धाडले गेले. पदं विकत घेतलेल्यांना ते किती खुपत होते, हे १६४८ च्या फ्रोंद बंडात दिसतं: इंटेंडंट हटवा, ही त्यांची ठळक मागणी होती.

पॅरिसचं 'पार्लमाँ' हे न्यायालय होतं, इंग्लंडच्या पार्लमेंटशी त्याची गल्लत करू नका. राजाचं फर्मान तिथे नोंदवलं जाई, आणि नोंदीआधी न्यायाधीश लेखी हरकत घेऊ शकत. १६७३ मध्ये लुईने क्रम उलटवला: आधी नोंद, मग हरकत. १७१५ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी राजप्रतिनिधीने जुना हक्क परत दिला. इतकी घट्ट पकड, पण त्या एका माणसाबरोबर सैल झाली. डेन्मार्कमध्ये मात्र १६६५ च्या राजकायद्याने अनियंत्रित सत्ता लेखी नियमात बसवली. हा फरक नोंदवायला विसरू नका.

शेवटी सौदा शोधा. ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याच्या सरदारांनी १६५३ मध्ये तिथला शासक फ्रेडरिक विल्यम याला सैन्यासाठी सहा वर्षांत ५,३०,००० थालर (चांदीची नाणी) कबूल केले. बदल्यात सरदारांचे त्यांच्या जमिनीवरच्या कुळांवरचे हक्क त्याने मान्य केले. वर सत्ता एकवटली, ती त्या कुळांच्या मानेवर.