जिम्नॅस्टिक्सच्या जुन्या टेपा: आधी जशाच्या तशा उतरवा

माझी चूक आधी सांगते, म्हणजे तुमची टळेल. मुलींना शिकवायचे तेव्हाच्या मिनीडीव्ही टेपांचं खोकं एका सुट्टीत संगणकावर उतरवलं, जागा वाचावी म्हणून लगेच लहान फायली केल्या आणि मोठ्या पुसून टाकल्या. पुढे निवांत पाहायला बसले, तर बारवरून सुटणाऱ्या हातांच्या जागी कंगव्याच्या दातांसारख्या रेघा.

कारण असं, की तो कॅमेरा प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत टिपतो आणि त्या दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा साठाव्या भागाचं अंतर असतं. घाईत रूपांतर केलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात, नाहीतर एक गळून जातं. वाढदिवसाच्या व्हिडिओत ते खपून जातं. पण सॉमरसॉल्टमध्ये गुडघे जुळलेले होते की नाही, ते नेमकं त्या गळालेल्या अर्ध्यात असतं! म्हणून पाहण्याची प्रत काढताना डीइंटरलेसिंग (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) ‘दुप्पट फ्रेम’वर ठेवा, सेकंदाला २५ च्या ५०. मूळ फाईलला हात लावू नका.

टेपा शाबूत होत्या म्हणून मी वाचले. पुन्हा उतरवल्या, या वेळी फायरवायरने, म्हणजे टेपवरचा डेटा जसाच्या तसा संगणकात आणणाऱ्या केबलने. तासाभराची टेप साधारण १३ जीबी होते, होऊ द्या. मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यातून एकेक एमटीएस (त्याची व्हिडिओ) फाईल न उचलता अख्खा फोल्डर घ्या. लांब चित्रण २ किंवा ४ जीबीला तुटतं आणि ९० सेकंदांचं फ्लोअर रूटीन हमखास त्याच फटीत सापडतं. घरी लिहिलेल्या डीव्हीडी सगळ्यांत आधी उरका, त्यांचा भरवसा नाही.

कॅमेऱ्याच्या तारखेवर विसंबू नका. आतली बॅटरी मेली की घड्याळ मागे जातं. चित्रातच खुणा शोधा. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन हात टेकून मारायच्या उडीला, रुंद टेबल दिसलं तर २००१ किंवा नंतरचं. जुना घोडा दिसला तर काहीच सिद्ध होत नाही, लहान क्लबांत तो कितीतरी वर्षं टिकला. फलकावर एकाच कसरतीला १० च्या वर गुण दिसले, तर २००६ किंवा नंतरचं.

फाईलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग सराव की स्पर्धा, मग साधन (बार, बीम, व्हॉल्ट की फ्लोअर). सत्राचे तुकडे करू नका. वेगळ्या तक्त्यात मिनिट-सेकंद, मुलीचं नाव आणि काय केलं ते लिहा. पडलेल्या उड्याही ठेवा. मला एकीची बीमवर चढण्याआधीची वीस सेकंदं सापडली: तळवे मांड्यांना पुसतेय, आणि कॅमेऱ्यामागून मी ओरडतेय, “खांदे!” उडी सामान्यच होती.

तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरात. प्रत्येक फाईलचा चेकसम (फाईल जराही बदलली तर बदलणारा आकडा) नोंदवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

या मुली तेव्हा लहान होत्या, लिओटार्डमध्ये आहेत. त्यांना विचारल्याशिवाय काहीही सार्वजनिक करू नका. विचारायला गेलं की नावंही मिळतात. एकीने स्वतःला ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, उडीआधी डावा हात आधी वर करायच्या सवयीवरून. माझ्या तक्त्यात अजून ४१ ओळींपुढे नुसतं ‘कोण?’ आहे.