एक दिवसाआड पाणी : कोल्हापुरातल्या घराची तयारी

कोल्हापुरात पाणीकपात म्हटलं की बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. राधानगरी धरण ८.३६ टीएमसीचं, काळम्मावाडी धरण २५ टीएमसीच्या वर, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. पण धरणात पाणी असणं वेगळं आणि नळाला येणं वेगळं. राधानगरीतून सोडलेलं पाणी भोगावतीतून पंचगंगेत उतरतं, एकामागून एक बंधारे भरत खाली जातं, आणि वाटेत दोन्ही काठांवर उसाच्या मोटारी असतात. वळीव झाला नाही, मृगही कोरडा गेला, की पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं, म्हणजे नदीतून मोटारीने पाणी उचलणं थांबवतं, ती यासाठीच: खालच्या गावांच्या पाणी योजनांपर्यंत धार पोहोचली पाहिजे. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनचं पाणी शहरात आलं, तरी तेही पंपावरच चढतं. तिथली वीज गेली की पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी येत नाही.

म्हणून कपात जाहीर झाली की आधी बातमीत आपला वॉर्ड बघा. ‘ए, बी वॉर्ड व संलग्न उपनगरे’ असं लिहिलेलं असतं. उपनगरात राहत असाल तर आपली लाईन कोणत्या टाकीवरून येते हे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून ठेवा. पाणी सुटण्याची खरी वेळ त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसते.

लोक पहिल्यांदा नवी टाकी आणायला धावतात. त्याआधी गळती शोधा. रात्री सगळे नळ बंद करून ओव्हरहेड टाकीच्या पाण्याची पातळी खडूने आखा आणि सकाळी कुणी नळ सोडायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर बहुतेक वेळा चोर संडासाच्या फ्लशमध्ये असतो. फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर तळाचं रबर गेलंय; ते स्वस्तात बदलून मिळतं. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला १५ ते २० लिटर घालवतो, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीची बादली.

आता हिशेब. चौघांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला ३० लिटर, भांड्यांना ३०, प्रत्येकी एक बादली आंघोळीला ७०, संडासाला १००, कपड्यांना सरासरी ६०. दिवसाला २९० झाले. एक दिवसाआड पाणी म्हणजे दोन दिवसांचे ५८०, आणि ठरल्या दिवशी पाणी आलंच नाही तर म्हणून आणखी एका दिवसाचे. हजार लिटरच्या एका टाकीत हे बसतं. जुन्या हौदात किती मावतं हे माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. कपड्यांचं शेवटच्या धुवणीचं पाणी संडासाला वापरलं तर रोजचं बरंच पाणी सहज वाचतं.

नळाच्या लाईनला थेट मोटार जोडू नका. हे कायद्यापेक्षा आरोग्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. पाणी बंद असताना किंवा दाब कमी असताना मोटार ओढते तेव्हा पाईपमध्ये पोकळी तयार होते, आणि गटारीशेजारच्या सैल सांध्यातून घाण आत शिरते. काविळीची, गॅस्ट्रोची साथ अशीच पसरते, आणि ती मोटार लावणाऱ्यापुरती थांबत नाही, अख्ख्या गल्लीला भोगावी लागते. दाब कमी असेल तर जमिनीखाली हौद करा. पाणी त्यात आपसूक पडू द्या आणि तिथून मोटारीने वर चढवा. हौदाचं झाकण जमिनीपासून वीतभर उंच हवं, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी आत उतरतं.

साठवलेल्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम. अंदाजाने चमचा मारू नका. किराणा दुकानाच्या काट्यावर ५ ग्रॅमच्या दहा पुड्या करून घ्या आणि घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. ओल लागली की पावडरीतला क्लोरिन उडतो आणि उरतो नुसता चुना. वास मंद झालेली पावडर टाकून द्या. एक पुडी मगभर पाण्यात कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता, गाळ फेका. अर्धा तास तरी ते पाणी वापरू नका. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, कारण मातीच क्लोरिन खाऊन टाकते आणि जंतू तसेच राहतात. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर पिण्याचं पाणी उकळूनही घ्या.

टाकी धुवायची तर कपात सुरू होण्याआधी, पाणी तळाला आलेलं असताना. घासून झाल्यावर तीन पुड्या दहा लिटर पाण्यात मिसळून भिंतींना फडक्याने लावा, अर्धा तास ठेवा आणि बादलीभर पाण्याने खंगाळा. हातमोजे घाला, झाकण उघडं ठेवा. टीसीएल आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो.

आरओबद्दल स्पष्टच सांगायला हवं. आपल्या नळाला सह्याद्रीतल्या धरणांचं गोडं पाणी येतं. क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. क्षार मोजायच्या टीडीएस मीटरने मोजून आकडा तिच्या आत आला तर आरओची गरज नाही. एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं यंत्र कपातीच्या दिवसांत कशाला चालवायचं? साधा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आरओतून बाहेर पडणारं पाणी फरशीला वापरा, झाडांना नको.

टँकर आला तर पाणी कुठलं आहे हे आधी विचारा. बोअरचं असेल तर वापरायच्या बॅरलमध्ये घ्या, पिण्याच्या टाकीत मिसळू नका. पाईपचं तोंड रस्त्यावर लोळत आलेलं असतं, ते धुवूनच आत सोडा.

बंद राहिलेली लाईन पुन्हा सुरू होते तो दिवस सगळ्यात धोक्याचा. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली होती. भोवती पूर आणि नळ कोरडे, अशी गत झाली होती. अशा खंडानंतर पाईपमधला गंज आणि गाळ पहिल्या धारेबरोबर येतो. पहिली पाच मिनिटं पाणी बादल्यांत धरून संडासासाठी ठेवा, स्वच्छ धार आल्यावरच टाकीचा कॉक उघडा. पुढची दोन-तीन भरणी टीसीएलशिवाय वापरू नका आणि फिल्टरची गाळाची कांडी काढून धुवा.