प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना

ओढ्याचे पाणी एका रात्रीत तांबडे झाले किंवा विहिरीच्या पाण्याला उग्र वास येऊ लागला, की पहिला अर्ज बहुधा ‘अमुक कंपनी प्रदूषण करते, तिच्यावर कठोर कारवाई व्हावी’ एवढाच असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याला अशा अर्जावरून अर्जदार संतापला आहे, याखेरीज काही कळत नाही. पाणी कोणत्या जागी, किती वाजता आणि कोणत्या तोंडातून आले हे ठाऊक नसेल, तर नेमका नमुना घेणे अवघड होते, आणि नियमानुसार घेतलेला नमुना हाती नसला की पुढची कारवाई लंगडी पडते. त्यामुळे तक्रार लिहिताना अधिकाऱ्याला नमुना कोठे आणि केव्हा मिळेल, हा विचार आधी करावा.

विषय मंडळाच्या अखत्यारीत येतो का, हे प्रथम पाहावे. कारखान्यांचे सांडपाणी, धुराडी आणि घातक कचरा हे मंडळाचे मुख्य काम आहे. रात्री वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांकडे, न उचललेल्या कचऱ्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आणि अवैध वाळू उपशासाठी महसूल खात्याकडे जावे. एरवी अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यातच आठवडे जातात.

त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, ती म्हणजे कारखान्याचे संमतीपत्र वाचणे. जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ यांच्याखाली कारखाना उभारण्यासाठी एक आणि चालवण्यासाठी दुसरी अशी मंडळाची संमती लागते. रोज किती सांडपाणी निर्माण करायचे, त्यावर कोणती प्रक्रिया करायची आणि ते कोठे सोडायचे, हे संमतीपत्रात लिहिलेले असते. अशी अनेक पत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. शिवाय जल अधिनियमाच्या कलम २५ नुसार मंडळाला अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि बाधित व्यक्तीला ती पाहता येते. याचा उपयोग मोठा आहे. एखाद्या कारखान्याला सर्व सांडपाणी अनेक कारखान्यांसाठी असलेल्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडेच पाठवण्याची अट असेल, तर तेच पाणी ओढ्यात आले की अटीचा भंग झाला. मग ते किती घाण होते, हा वाद दुय्यम ठरतो. तक्रारीत त्या अटीचा क्रमांक लिहिलेला असला, तर अर्ज वाचणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

घटनेची नोंद साध्या वहीत, त्याच दिवशी करावी. उदाहरणार्थ: ‘रात्री ११.४० वाजता पुलाच्या खालच्या बाजूला, डाव्या काठावरील सिमेंटच्या पाइपमधून तांबूस, वाफाळलेले पाणी सुमारे अर्धा तास येत होते. पुलाच्या वरच्या बाजूला पाणी नेहमीसारखे होते.’ यातील शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे, कारण वरच्या, म्हणजे प्रवाह येतो त्या, आणि खालच्या, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूतील फरकावरूनच उगम कोणत्या टप्प्यात आहे हे ठरते. छायाचित्र काढताना पाइपचे तोंड आणि एखादी कायमची खूण, जसे पूल किंवा विजेचा खांब, एकाच चौकटीत यावी. हे सारे रस्त्यावरून किंवा काठावरून करावे, कारखान्याच्या आवारात शिरू नये. असे प्रकार एकाच वारी किंवा एकाच वेळी घडत असल्याचे चार-पाच नोंदींतून दिसले, तर ते स्पष्ट लिहावे, म्हणजे पाहणीची वेळ त्याप्रमाणे ठरवता येते.

रसायनाचे नाव मात्र अंदाजाने लिहू नये. मासे मेले म्हणजे विषच सोडले असे नव्हे. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की ती कुजवणारे जीवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. गावाच्या गटारामुळेही हे होऊ शकते. त्यामुळे अर्जात जे दिसले आणि जो वास आला तेवढेच असावे.

आपण बाटलीत भरून ठेवलेले पाणी खटल्यात कायदेशीर नमुना म्हणून चालत नाही, कारण जल अधिनियमाच्या कलम २१ ने त्याची रीत घालून दिली आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे आणि दोन्ही भागांवर मोहोर लावून उभयतांनी सह्या करायच्या. कारखानदार मुद्दाम गैरहजर राहिला, तर अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना घेऊ शकतो. आपली बाटली पाण्याचा रंग दाखवण्यापुरती ठेवायला हरकत नाही.

अर्ज संबंधित उप-प्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे लिहून त्याची प्रत प्रादेशिक अधिकाऱ्यांना द्यावी. कारखान्याचा गट किंवा प्लॉट क्रमांक लिहावा, अर्ज आवक कक्षात देऊन पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. प्रवाह चालू असताना मात्र अर्जाची वाट न पाहता आधी दूरध्वनी करावा आणि त्याची वेळही वहीत टिपावी. पाहणीच्या दिवशी जागा दाखवायला स्वतः हजर राहावे. आत प्रवेश करण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला आहे, तक्रारदाराला नाही, त्यामुळे दारात हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

अहवाल दुसऱ्या दिवशी मागू नये. जैवरासायनिक प्राणवायू मागणीची, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना किती प्राणवायू लागतो याची, चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. भूपृष्ठावरील पाण्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, आणि संमतीपत्रात ती याहून कडकही असू शकते. दोष आढळल्यास कारणे दाखवा नोटीस, कारखान्याने अटी पाळण्यासाठी दिलेली बँक हमी जप्त करणे आणि जल अधिनियमाच्या कलम ३३-अ खाली कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश, असे मार्ग मंडळाकडे असतात.

काहीच कळवले गेले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली ‘काय कारवाई केली’ असे मोघम न विचारता पाहणी अहवाल, नमुन्याचा विश्लेषण अहवाल आणि कारखान्याला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, अशी नेमकी कागदपत्रे मागावीत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. त्याच सुमारास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जायचे का, हे ठरवावे. पर्यावरणाच्या वादावरील अर्ज तेथे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतच सवलत मिळते. ही मुदत पोचपावतीच्या तारखेपासून मोजली जात नाही, म्हणून वहीतील पहिल्या नोंदीची तारीख अर्जातही लिहावी.