केळीचा 'हात' आणि मशीन ट्रान्सलेशन

केळी लागवडीचं इंग्रजी माहितीपत्रक मशीनला मराठीत करायला दिलं की ते 'हॅन्ड'चं चक्क 'हात' करतं, 'सकर'चं 'शोषक', आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलचा केळी लावणारा शेतकरी वाचून विचारतो की भाऊ हे काय लिहिलंय. नंतर एकेक शब्द शोधून दुरुस्त करण्यात तास जातो, म्हणून मी आता शब्द आधीच बदलून घेतो.

१. एक्सेल शीटमध्ये दोन कॉलम करा, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्याकडे बोलतात तो. बंच म्हणजे घड, हॅन्ड म्हणजे फणी (घडातला केळ्यांचा एक झुपका), सकर म्हणजे पील (बुंध्याशी फुटणारा कोंब), रटून म्हणजे पीलबाग (त्याच पिलांवर घेतलेलं पुढचं पीक). शब्द डिक्शनरीतून घेऊ नका, केळी लावणाऱ्यालाच फोन करून विचारा, दहा मिनिटांत वीस शब्द मिळतात.

२. इंग्रजी फाइलची कॉपी वर्डमध्ये उघडून कंट्रोल एच दाबा (शब्द शोधून बदलायची खिडकी उघडते), 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली'वर टिक करा आणि इंग्रजी शब्दाच्या जागी थेट मराठी शब्द टाका. अनेकवचन वेगळं शोधा, हॅन्ड्सच्या जागी फण्या.

३. आता ही फाइल ट्रान्सलेट करा. देवनागरी शब्द मशीन बहुतेक वेळा तसेच ठेवतं, मग फक्त प्रत्यय बघायचे, 'फणीला'च्या जागी 'फणी ला' असं काही राहतं ते.

फक्त 'रिप्लेस ऑल' करू नका, एकेक बघून बदला, कारण 'बाय हॅन्ड' म्हणजे हातानेच, तिथेही फणी घुसली तर 'तण फणीने काढा' असं छापून जाईल. शीट जपून ठेवा, पुढच्या माहितीपत्रकाला तीच लागते.