ड्राय कम्युनिटीत कामाला जाताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला नोकरीसाठी आलेल्या आपल्या मंडळींना, मग ती नर्स असो, शिक्षक असो की टेक्निशियन, एकच गोष्ट सांगून थकलोय: फाट्यावरचा बोर्ड वाचा. इथल्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांतातल्या बहुतेक दूरच्या ॲबोरिजिनल (मूळ रहिवाशांच्या) वस्त्यांत दारू न्यायची नाही, बाळगायची नाही, प्यायची नाही. यांनाच ड्राय कम्युनिटी म्हणतात. ‘पण मी पितच नाही’ हा बचाव मी सगळ्यात जास्त ऐकलाय, आणि तोच सगळ्यात कुचकामी आहे. नुसती जवळ सापडली तरी गुन्हा होतो.

पुण्याचा एक पोरगा जनरेटर दुरुस्तीला निघाला होता. सिंगापूरच्या ड्युटी-फ्रीमधली सिंगल माल्ट बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेली. ‘बॅग बघितलीस ना?’ विचारलं, तर ‘हो हो दादा’. फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली. तिथे झडतीला वॉरंट लागत नाही. पठ्ठ्या म्हणतो, ‘अहो, सीलसुद्धा तोडलेलं नाही!’ त्या अधिकाऱ्याने शांतपणे सील तोडलं आणि अख्खी बाटली लाल मातीत ओतली. गाडी कंपनीची होती. अशा प्रकरणात गाडीही जप्त होऊ शकते, हे साहेबांना तिथे कळलं. गाडी वाचली, पण कंपनीने त्याला पुन्हा वस्तीच्या कामावर पाठवलं नाही. आणि दुसरा माणूस येईपर्यंत जनरेटर बंद तो बंदच.

मी निघायच्या आदल्या रात्री गाडी पूर्ण रिकामी करतो. डिकी, सीटखाली, एस्कीचा (बर्फाच्या पेटीचा) तळ, सगळं. मागून आणलेली गाडी असेल तर दोनदा. ‘चला ना, उशीर होतोय’ म्हणणाऱ्यांनी आपापली गाडी घ्यावी.

स्वयंपाकाची वाइन ही वाइनच असते. घरी ठेवा.

लँड कौन्सिलचा (ॲबोरिजिनल जमिनींचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा) प्रवेश-परमिट मिळाला म्हणजे दारूची परवानगी मिळाली, असं नाही. दोन्ही कागद वेगळे.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: दुसऱ्यासाठी बाटली घेणं. बॉटलशॉपबाहेर कुणीतरी गोड बोलून पैसे पुढे करतो आणि आपला माणूस भिडेखातर हो म्हणतो. टेरिटरीत टेकअवे, म्हणजे बरोबर न्यायची दारू, घेताना फोटो असलेलं ओळखपत्र स्कॅन होतं, कारण दारू घ्यायला बंदी असलेल्या लोकांची नोंदवही असते. त्या यादीतल्या माणसाला दारू पुरवणं हा गुन्हा आहे. शिवाय बाटली कुठे जाईल सांगता येत नाही; ड्राय वस्तीत तीच कित्येक पट भावाने विकली जाते. माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘सॉरी भाऊ, नाही.’ पुढे एक शब्द नाही. कारणं द्यायला लागलात की अडकलात.

जुन्या माहितीवर जाणारे वेगळेच. 2007 मध्ये केंद्र सरकारने ‘इंटरव्हेन्शन’च्या नावाखाली सरसकट बंदी आणली, 2012 च्या कायद्याने ती चालू ठेवली, जुलै 2022 मध्ये तो कायदा संपला आणि अनेक ठिकाणी दारू पुन्हा कायदेशीर झाली. ॲलिसमध्ये त्यानंतर दारू आणि गुन्हे कसे वाढले ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. फेब्रुवारी 2023 मध्ये बंदी परत आली. वस्तीला त्यातून बाहेर पडायचं असेल तर स्वतःचा आराखडा करून 60 टक्के प्रौढांचा पाठिंबा मिळवावा लागतो, असं तेव्हा ठरलं. मित्राचा 2022 चा अनुभव म्हणूनच तुमच्या काही कामाचा नाही.

आणि जेवणाच्या टेबलावर ‘या लोकांना दारूच लागते’ असं ज्ञान पाजळू नका. दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण ॲबोरिजिनल लोकांत इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे, हे सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसतं. बंदी नेहमी वरूनच आली असंही नाही. कित्येक वस्त्यांनी 1980 च्या सुमारास स्वतः अर्ज करून ती घेतली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात फिट्झरॉय क्रॉसिंगच्या बायकांनी 2007 मध्ये मागणी लावून धरली, म्हणून तिथे हलकी बिअर सोडून बाकी दारूची टेकअवे विक्री बंद झाली. आडवी बाटली माहीत असलेल्या मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. क्वीन्सलँडमध्ये मात्र पाम आयलंडच्या एका बाईने गाडीतल्या बर्बन आणि रमच्या बाटल्यांवरून हायकोर्टापर्यंत (हे ऑस्ट्रेलियातलं सर्वोच्च न्यायालय) लढा दिला. वांशिक भेदभावाच्या मुद्द्यावरचं तिचं अपील 2013 मध्ये कोर्टाने फेटाळलं, पण वाद अजून मिटलेला नाही. वस्तीतच दोन्ही मतांची माणसं भेटतील. पाहुण्याने ऐकून घ्यावं.

निघण्यापूर्वी त्या वस्तीच्या कौन्सिल ऑफिसला फोन करून आजचा नियम विचारा. शनिवार-रविवारी फोन लागेल या भरवशावर राहू नका. शुक्रवारी दुपारपर्यंतच उरका.