घनफळ काढताना एकूण उंची दगा देते: या चुका टाळा

“सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर जुळत नाही.” दहावीचं महत्त्वमापन (पृष्ठफळ-घनफळाचा धडा) सुरू झालं की ही तक्रार ठरलेली. आणि वही उघडली की दिसतं, सूत्रं खरोखरच बिनचूक लिहिलेली असतात. वृत्तचितीचं (म्हणजे सिलिंडरचं) बरोबर, शंकूचं बरोबर, अर्धगोलाचंही बरोबर. गाडी घसरते ती त्याच्या आधी, कोणत्या आकाराला कोणती उंची द्यायची हे ठरवताना.

गॅसचा टँकर घ्या. मधे वृत्तचिती, दोन्ही टोकांना अर्धगोल. (खऱ्या टँकरची टोकं बरीच चपटी असतात, पण गणितातल्या टँकरला एवढं माफ.) एकूण लांबी 9 मीटर, व्यास 2.1 मीटर. गणितात ‘लांबी 9’ दिसलं की हात आपोआप वृत्तचितीच्या सूत्रात 9 टाकून मोकळा होतो. पण त्या 9 मीटरमध्ये दोन्ही अर्धगोलांच्या त्रिज्याही आल्या. प्रत्येकी 1.05 मीटर, म्हणजे दोघांच्या मिळून 2.1. वृत्तचितीच्या वाट्याला उरतात 6.9 मीटर.

आता हिशोब. वर्तुळाकार तळाचं क्षेत्रफळ 22/7 × 1.05 × 1.05 = 3.465 चौरस मीटर. वृत्तचिती 3.465 × 6.9 = 23.9085 घनमीटर. दोन अर्धगोल मिळून एक पूर्ण गोल, 4/3 × 3.465 × 1.05 = 4.851 घनमीटर. बेरीज 28.7595 घनमीटर, म्हणजे साधारण 28,760 लिटर. तेच 9 मीटर धरले असते तर उत्तर आलं असतं 36.036 घनमीटर. टाकीत 7,000 लिटरहून जास्त गॅस नुसता कागदावर भरला!

ही चूक पकडायला उत्तरसूची लागत नाही. आपली आकृती ज्यात जेमतेम मावेल असा एक साधा आकार मनात आणा. हा टँकर 9 मीटर लांबीच्या, त्याच जाडीच्या सरळ वृत्तचितीत मावतो, आणि तिचं घनफळ 3.465 × 9 = 31.185 घनमीटर. डबा 31 चा आणि आतली वस्तू 36 ची, हे कसं जमायचं? मी तर मुलांना हा डब्याचा आकडा आधी समासात लिहायला लावतो, मगच सूत्राला हात.

उंचीचाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे शंकूची तिरकस उंची, टोकापासून तळाच्या कडेपर्यंतची. अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं असतं, त्रिज्या 7 सेमी, तिरकस उंची 25 सेमी. घनफळाला लागते लंब उंची, टोकापासून सरळ तळाच्या मध्यापर्यंतची, ती पायथागोरसने काढावी लागते: 625 − 49 = 576, म्हणून 24 सेमी. शंकूचं घनफळ 1232 घनसेमी. 25 घातलेत तर सुमारे 1283 येईल, आणि फरक इतका किरकोळ की नुसतं बघून संशयही येणार नाही. तिरकस उंची वक्रपृष्ठफळासाठी, लंब उंची घनफळासाठी.

पृष्ठफळावरून आठवलं. पृष्ठफळाच्या गणितात दोन आकार जिथे चिकटतात ते वर्तुळ मोजायचं नसतं, कारण ते झाकलं जातं. ही सवय अंगवळणी पडलेली मुलं घनफळातूनही ते वर्तुळ वजा करतात. घनसेमीतून चौरस सेमी वजा करणं म्हणजे तांदळातून मीटर वजा करणं. घनफळात जोडावर काहीच झाकलं जात नाही. सरळ बेरीज करा.

शंकूचा 1/3 विसरणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. आर्यभटाने 499 च्या सुमारास सूचीसारख्या टोकदार घनाकृतीचं घनफळ तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची याच्या निम्मं सांगितलं होतं. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने तिनाने भागायचं, हा बरोबर नियम दिला. लक्षात ठेवायचं तर असं: त्रिज्या आणि उंची सारखीच असेल तर शंकू, अर्धगोल आणि वृत्तचिती यांची घनफळं 1 : 2 : 3.

बादली, म्हणजे शंकूछेद. इथे दोन त्रिज्यांची सरासरी काढून वृत्तचितीचं सूत्र लावायचा मोह होतो. वरची त्रिज्या 16, तळाची 8, उंची 21 सेमी असेल तर खरं सूत्र देतं 1/3 × 22/7 × 21 × (256 + 64 + 128) = 9856 घनसेमी. सरासरी त्रिज्या 12 धरली तर 9504. साडेतीनशे मिलीलिटर पाणी कुठेतरी सांडलं.

पोकळ नळीत मात्र चूक लहान राहत नाही. बाहेरची त्रिज्या 10, आतली 8 असेल तर त्रिज्यांचे वर्ग करून मग वजाबाकी, 100 − 64 = 36 हवं. आधी वजाबाकी करून 2 चा वर्ग केलात तर 4. उत्तर थेट नऊपट कमी.

एककं सुरुवातीलाच सारखी करा, शेवटी बदलायला गेलात की शून्यं हरवतात: 1 मीटर म्हणजे 100 सेमी असला तरी 1 घनमीटर म्हणजे 10 लाख घनसेमी, अर्थात 1000 लिटर. आणि एका गणितात पायची (π) किंमत एकच. वृत्तचितीला 22/7, अर्धगोलाला 3.14 अशी खिचडी नको. फरक दिसायला नगण्य, पण वरच्या टँकरचं सगळं गणित 3.14 ने केलं तर उत्तर सुमारे 26 लिटरने कमी येतं.